वरून ओतलेलं पाणी

ही हकिगत मी चार वर्षं टाळत आलो. कोणी विषय काढला की मी उठून अंगणात जात असे, नाहीतर पेपर उघडून बसत असे. तहसील कचेरीत मी एकतीस वर्षं कारकून होतो. लोकांचे जबाब लिहून घेणं हे माझं काम. समोरचा माणूस कुठे अडखळतो, कुठली गोष्ट गाळून पुढे सरकतो, हे मला चटकन कळे. मी पेन थांबवून म्हणे, "मधलं सांगा." माझ्या स्वतःच्या घरात जे घडलं, त्याचं मधलं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.

माझी बायको कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. घरात, नात्यागोत्यात आणि गावातही सगळ्यांचा समज असा आहे की कॉलेजातून परतलेल्या आमच्या नातीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, तिने ते पाळलं नाही, आपल्या मर्जीने बाहेर आली आणि आजीला आजार दिला. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, तिच्याशी धड बोलत नाही तो त्यामुळेच. हा समज खोटा आहे. तो खोटा असल्याचं आता दोनच माणसांना माहीत आहे, तिला आणि मला.

नात तेव्हा हैदराबादला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दहावीपर्यंत ती आजीच्या कुशीत झोपली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूरकडच्या आमच्या गावातून, आमच्या वस्तीतून, कॉलेजसाठी इतक्या लांब गेलेली ती पहिली मुलगी. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला आजार निघाला आणि हॉस्टेल रिकामं केलं गेलं. निघण्याआधी तिने मला फोन केला.

"आबा, मले सरळ घरात नका घेऊ. कापसाची खोली झाडून ठेवा."

"कायले वं? तुले तर काही नाई झालं."

"झालं का नाई ते चौदा दिवसानं समजते. तवापर्यंत मी तिथंच."

नोकरीत असताना मी थोडी जमीन घेतली होती. तिचा कापूस विकेपर्यंत जिथे भरून ठेवतो ती ही खोली. दार अंगणात उघडतं. उन्हाळ्यात ती रिकामी असते, पण कितीही झाडली तरी भिंतींच्या खरखरीत गिलाव्याला कापसाचे धागे चिकटून राहतात. आम्ही तिथे खाट टाकली, पंखा बसवला. मोटारसायकलवरून उतरली तशी ती सरळ त्या खोलीत गेली. आजी ओसरीच्या पायरीवर उभी होती. दोघी एकमेकींकडे बघून लांबूनच हसल्या, आणि मग दोघींनी डोळे पुसले.

नियम सुनेने घातले. ती अंगणवाडीत शिकवते. मुलगा सरकारी मंडल ऑफिसात नोकरीला. त्या दिवसांत दोघांनाही घरोघर तापाचा सर्वे करण्याची ड्यूटी होती. सकाळी जायचे ते तीन-चारला यायचे. सून बजावून जायची: पोरीचं ताट, पेला, वाटी वेगळी. उंबऱ्याबाहेर स्टूल, त्यावर जेवण ठेवून मागे व्हायचं. पाण्याला तिची बाटली तिनेच धरायची, आपण गडव्यातून, म्हणजे तांब्यातून, वरून ओतायचं. गडवा बाटलीला लागू द्यायचा नाही.

सगळे नियम बरोबर होते. ते मला तेव्हाही कळत होतं. मी अडाणी नव्हतो.

पहिल्याच दुपारी मी ओसरीवरून बघितलं. बायको एक हात लांब करून गडवा उंच धरते आहे, पाण्याची धार बाटलीत पडते आहे, आणि नात खाली वाकून, मान बाजूला करून उभी आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना आई दुसऱ्याच्या शेतात तण निंदायला जायची. मी सोबत असायचो. तहान लागली की आम्ही विहिरीपासून लांब उभं राहायचं. मालकाच्या घरचं कोणी आलं तर ओंजळीत वरून पाणी ओतायचं. कधी लगेच यायचं, कधी यायचंच नाही. आईचा चहाचा कप त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. कान तुटलेला कप. आई तो काढायची, धुवायची, चहा प्यायची, पुन्हा धुवून तिथेच खोचायची. मी नोकरीला लागलो, घर बांधलं, तेव्हा आईला म्हटलं होतं, या घरात कोणाचं भांडं वेगळं राहणार नाही. आई गेली तरी तो शब्द मी पाळला. दारावर आलेल्या माणसालाही आम्ही आमच्याच पेल्यात पाणी दिलं.

आणि आता माझ्याच अंगणात, माझ्याच नातीच्या बाटलीत, वरून पाणी.

दोन-तीन दिवसांनी मी तिला हे बोलून दाखवलं. ती दारात बसली होती, मी अंगणात खुर्चीवर. ती शांतपणे म्हणाली, "आबा, ते वेगळं होतं. तिथं तुमच्या जातीपायी होतं. इथं मीच मागून घेतलं हाय. आजीले शुगर हाय ना."

बायको आतून म्हणाली, "ऐका तिचं. चार पुस्तकं जास्त वाचली तिनं तुमच्यापेक्षा."

"माझ्यापेक्षा सगळेच हुशार हायत या घरात," मी म्हटलं. त्या दोघी हसल्या. मी हसलो नाही.

सहाव्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. दरवर्षी आम्ही पांढरे कपडे घालून वंदना घेतो आणि मग सगळे एका ओळीत बसून खीर खातो. त्या वर्षी विहार बंद होतं. मुलगा-सून सकाळीच ड्यूटीवर गेले. बायकोने खीर केली आणि नातीची वाटी स्टुलावर नेऊन ठेवायला निघाली. मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली.

"आजच्या दिवशी नाई," मी म्हटलं. "आज ती आपल्यात बसन."

"अवो, राहू द्या ना. आठ दिवसाचा तर प्रश्न हाय. सुनेनं सांगतलं ना."

"तिले ताप नाई. तोंडाले चव हाय. खोकते तर कापसाच्या धुळीनं खोकते. सहा दिवस झाले."

मी खोलीच्या दारात जाऊन नातीला बाहेर बोलावलं. ती खाटेवरून उठली, पण उंबऱ्याच्या आतच थांबली. "नाई आबा. तुमी वंदना म्हणा, मी इथून म्हणते."

तेव्हा मी जे बोललो ते शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "आमाले लोकायनं बाहेर बसवलं. तू आपल्या पायानं बाहेर बसून राह्यली. हैदराबादले पाठवलं ते हेच शिकाले का? माझ्या मायचा कप वळचणीत होता, तुले माहीत हाय ना? तुले तोच कप पाहिजे का?"

तिचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षांची पोर. मी आत हात घालून तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर आणलं. मास्क होता तोही मीच काढायला लावला. तोंड झाकून वंदना म्हणतात का, असं म्हणालो.

आम्ही तिघं ओळीत बसलो. वंदना झाली, खीर खाल्ली. आजीने आपल्या वाटीतला घास तिला भरवला. मग बायकोची नजर तिच्या केसांवर गेली. केसांत जागोजागी कापूस अडकला होता. ती म्हणाली, "काय वं हे, पाखराचं घरटं करून ठेवलं डोक्याचं." तिने नातीला मांडीजवळ ओढून बसवलं, एकेक धागा वेचून काढला, तेल लावलं आणि घट्ट वेणी घातली. तास तरी लागला असेल. दोघी बोलत होत्या, कोणाच्या तरी नकला करून हसत होत्या. मी खुर्चीवर बसून बघत होतो. फार दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं. मी जिंकलो असंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन वाजण्याआधी नात खोलीत परत गेली. वाट्या मी स्वतः घासल्या आणि फळीवर ठेवल्या. तिची वाटी स्टुलावर पालथी घातली. म्हणजे आपण काहीतरी लपवतो आहोत हे मला कळत होतं.

संध्याकाळी सुनेने लांबूनच विचारलं, "वेणी कोणं घातली वं?"

"मीच," नात म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नातीला ताप आला. आणखी दोन दिवसांनी बायकोला. नातीचा ताप उतरला. बायकोचा उतरेना, मग धाप लागली. आदिलाबादला दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "पोरीले बोलू नका कोणी काही." मी मान हलवली. तिच्याशी ते शेवटचं बोलणं. मला स्वतःला दोन दिवस तोंडाला चव नव्हती, बाकी काही झालं नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी ती गेली. घरी आणू दिलं नाही. प्लास्टिकात गुंडाळलेली, लांबून बघितली. मुलगा आणि मी परत आलो तेव्हा सून अंगणात बसून होती. नात कापसाच्या खोलीतच होती, कारण ताप आल्यापासूनचे तिचे चौदा दिवस भरायचे होते. तिने आजीला लांबूनही बघितलं नाही.

मुलगा सरळ त्या दारासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"तुझी माय म्हणते, तुझ्या डोक्यात तेल होतं. वेणी होती. तुले तशी वेणी घालता येत नाई. तू बाहेर आली होती का?"

मी पाच पावलांवर उभा होतो. नातीने आधी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तितकाच वेळ. मी सांगेन म्हणून ती वाट बघत होती. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिचे बंद नीट करू लागलो.

"आली होती," ती म्हणाली. "आजीकून तेल लावून घ्यायले. मीच आली."

मुलगा वळला आणि आत गेला. सून रडत होती. ती म्हणाली, "गावभर मी लोकायले सांगत फिरली, आन् माझ्याच घरात." नातीने दार लोटून घेतलं.

त्या दिवशी तिला पाणी देणारं कोणी नव्हतं. मी गडवा भरून नेला. दार वाजवलं. ती बाटली घेऊन आली, उंबऱ्यावर वाकली, मान बाजूला केली. मी हात लांब करून वरून पाणी ओतलं. पाणी बाटलीबाहेर सांडत होतं. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

बायकोच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नातेवाईक आले. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी बायकोबद्दल बोललो: तिने माझ्या आईची सेवा कशी केली, अर्धपोटी राहून मुलाला कसं शिकवलं. लोकांनी डोळे पुसले. नंतर माझी बहीण, नातीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "दवाई बनवाले शिकून राह्यली म्हणे. घरात मात्र बिमारी घेऊन आली." नात तिथेच पत्रावळ्या उचलत होती. ती वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली. मी बहिणीला गप्प केलं नाही.

त्यानंतर कॉलेज उघडलं आणि ती गेली. तिथेच तिला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. दिवाळीत एक दिवस येते, बुद्धपौर्णिमेला येत नाही. बाप लेकीला "जेवली का" इतकंच विचारतो, तेही तिच्या आईकडून. मला वाटलं होतं, दिवस जातील तसं हे सैल होईल. तसं झालं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी बसने हैदराबादला गेलो. सुनेला सांगितलं, डोळे दाखवायला जातो. रस्ताभर मी वाक्य तयार करत होतो, जसं साहेबापुढे जाताना करायचो. दोन वाक्यं, जास्त नाही. ती मला घ्यायला बसस्टँडवर आली होती. अंगाने वाळली होती. दिवसभर सोबत राहिली, सुटी टाकून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, जेवू घातलं, डॉक्टरची चिठ्ठी वाचून औषधं समजावून सांगितली. बापाची तब्येत विचारली, आईचं गुडघ्याचं दुखणं विचारलं. मी बोलायला सुरुवात करायचो आणि भलतंच विचारायचो, इथं पाणी किती दिवसाआड येतं, असलं काहीतरी.

परतीच्या बसची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मला ठसका लागला. तिने आपली बाटली काढून दिली. मी ती उंच धरली आणि वरून पाणी तोंडात ओतू लागलो. अर्धं सदऱ्यावर सांडलं.

"आबा," ती म्हणाली, "तोंड लावून प्या. माझीच हाय."

मी बाटलीला तोंड लावलं. पाणी पिऊन झालं तरी बाटली तोंडाशीच धरून ठेवली, कारण काढली की बोलावं लागणार होतं. तेवढ्यात बस लागली. तिने पिशवी वर चढवून दिली, खिडकीची जागा बघून दिली, खाली उभी राहून हात हलवला. बस हलली.

हा कागद मी आधी मुलाला वाचायला देणार आहे. त्यानंतर त्याने माझ्याशी बोलायचं की नाही ते तो ठरवील. पण कागद बापाला पुरेल, तिला पुरणार नाही. तिच्यासमोर बसून ती दोन वाक्यं मला म्हणायला हवी होती. त्या दिवशी बसच्या खिडकीतून ती दिसेनाशी झाली, शेजारचा माणूस झोपला, तेव्हा मी ती वाक्यं हळू आवाजात म्हणून पाहिली. बरोबर जमली.

बाई, तू बाहेर आली नव्हती, मी तुले हाताले धरून बाहेर आणलं होतं. आणि तुझा बाप दारात उभा होता तेव्हा मी गप्प राह्यलो, त्याची मले माफी दे.