निरगाठी

माझ्या सायकलचं सीट बायकोनं चार बोटं खाली केलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं.

सायकल मुळात माझी. बुलढाण्यातल्या सायकलवाल्यांच्या टोळीत मी बरीच वर्षं पुढे असायचो. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता पायडल विसरा. मी विसरलो नाही, पण सायकल व्हरांड्यात उभी राहिली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला एक दिवस वाटलं, उभी आहे तर चालवून पाहावी. पाहता पाहता ती माझ्याच टोळीत जायला लागली. रविवारी मी पेपर वाचत बसायचो आणि ती घाम पुसत यायची, गालांवर लाली. मला तो चेहरा बघवायचा नाही. खोटं कशाला बोलू? सायकल पुसायच्या निमित्तानं मी सीट गुपचूप वर करून ठेवायचो, माझ्या उंचीला. ती निघताना खाली करायची. दोघंही त्याबद्दल बोलायचो नाही.

माझ्याकडे मिरवायला एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे गाडी. जालन्याच्या एका गोदामात गंजत पडलेली, दोन सीटची, उघडणाऱ्या टपाची लाल स्पोर्ट्स कार. आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी आणि मी मिळून ती कित्येक वर्षं खपून रस्त्यावर आणली होती. लोक थांबून बघायचे. तेवढ्यावर माझं भागत होतं.

मग टोळीचं ठरलं, दुसरबीडहून लोणारला जायचं. बायको म्हणाली, "सायकल तुमच्या गाडीवर बांधून नेऊ. आपुन दोघंही जाऊ."

आता या गाडीवर सायकल न्यायची कुठे? टप कापडाचा, डिकी टोपलीएवढी. मोबाइलवर विलायती कॅरियर पाहिला आणि किंमत बघून मोबाइल उलटा ठेवला. मनातून बरंच वाटलं. चाचांना मुद्दाम विचारलं, ते नाही म्हणतील म्हणून. ते हसले. "काऊन भाऊ, एवढं कशाले पाह्यजे? जुनी गादी हाय, फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या हाय, दोरी हाय. होऊन जाते काम."

आणि झालंही. डिकीवर गादीचा तुकडा, त्यावर पुढचं चाक काढलेली सायकल आडवी. पंक्चरवाल्यानं जुन्या ट्यूब कापून फुकट पट्ट्या दिल्या. खर्च जवळजवळ शून्य. रंगाला ओरखडा नाही. शनिवारी संध्याकाळी बांधायचं काम माझ्याकडे होतं. मी पट्ट्या आवळल्या आणि वरून नायलॉनच्या दोरीच्या निरगाठी मारल्या. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. पडू नये म्हणून, असं स्वतःला सांगत होतो.

पहाटे निघालो. चिखलीला चहाला थांबलो तर माणसं जमली. माझी छाती फुगली. एकानं विचारलं, "काका, सायकल कोनाची हो? भारी हाय." गाडीबद्दल अक्षर नाही. मी म्हणालो, "माझी." बायको शेजारीच बशीत चहा ओतत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसरबीडला टोळी तयार उभी होती. मी गाठी सोडायला घेतल्या. दवानं दोरी आवळून बसली होती. नखं लावली, दात लावले. एक गाठ हलेना. टोळीतले घड्याळं बघायला लागले. आणि मला आतून गार गार वाटत होतं, हे मी आज लिहितो आहे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन चढायच्या आत लोणार गाठायचं होतं. शेवटी तीच त्यांना म्हणाली, "तुमी व्हा समोर. मी येतो मांगून."

ते गेले. रस्त्यावर आम्ही दोघंच. ती खाली वाकली, गाठींवरून बोट फिरवलं.

"एवढ्या निरगाठी काऊन मारल्या?"

"पडू नये म्हणून."

"सायकल का मी?"

कान तापले. मी समोरच्या हॉटेलात गेलो, कांदा चिरायची सुरी मागून आणली आणि सगळ्या गाठी कापून टाकल्या. चाक बसवून दिलं. सीट मी रात्री वर केलेलंच होतं. तिनं ते चार बोटं खाली केलं आणि गेली. एकटी, टोळीच्या मागे. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. वाईट वाटत होतं आणि हेवाही वाटत होता, दोन्ही एकदमच. माझी लाल गाडी मागे उभी होती, तिच्याकडे वळून बघावंसंही वाटलं नाही.

दुपारी तिला आणायला लोणारला गेलो. टोळी तिला अर्ध्या वाटेतच सापडली होती. ती झाडाखाली चिवडा खात होती, पायांवर धूळ. मी दोरी उचलली तर म्हणाली, "राहू द्या, मी बांधतो."

तिनं कापलेल्या दोरीतला सगळ्यात लांब तुकडा निवडला. ट्यूबच्या पट्ट्या ताणल्या आणि वरून एकच सुरगाठ मारली. मी म्हणालो, एवढ्यावर राहायची नाही. ती म्हणाली, "राह्यते." सुरगाठीचं मोकळं टोक तिनं माझ्या बाजूला काढून ठेवलं. "हे तुमच्याकडं. घरी तुमीच सोडजा."

बुलढाण्यापर्यंत मी आरशात ते टोक फडफडताना बघत होतो. प्रत्येक गतिरोधकावर वाटायचं, आता पडेल. सायकल इंचभर सरकली नाही. बायको शेजारी तोंड उघडं टाकून झोपली होती.

घरी आल्यावर टोक ओढलं. एका झटक्यात गाठ सुटली. सायकल व्हरांड्यात नेली, फडक्यानं धूळ पुसली, चेनला तेल घातलं. सीटच्या स्क्रूला सवयीनं हात गेला.

मग सीट होतं तिथंच राहू दिलं.