आमच्या नावावरची वीज

आबा रस्त्यावर मैलकुली होते. सारोळ्याच्या पुलाअलीकडच्या हायवेचे खड्डे बुजवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर फंडाची रक्कम एकदम हाती आली. तिचं काय करायचं, हे त्यांनी मला विचारलं, कारण मी पुण्यात कॉमर्सला होतो आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. मला खरं तर फारसं कळत नव्हतं. आमचे एक प्राध्यापक वर्गात सांगत, की यापुढे विजेची मागणी वाढतच जाणार. विहिरींवर मोटारी बसतील, कारखाने येतील, वीज विकणाऱ्याला मरण नाही. मी घरी तेच बोललो. रस्त्याच्या कडेनं खांब उभे राहताना आबांनी पाहिलेच होते, त्यामुळे त्यांना पटलं. आमच्या भागात वीज देणाऱ्या एका खाजगी कंपनीचे शेअर आम्ही घेतले. घरातला सगळा पैसा त्यात गेला.

शेअर हा शब्द गावाला नवा नव्हता. सोसायटीचे शेअर घरोघर होते. पण ती सोसायटी जुन्या पद्धतीची, अमर्यादित जबाबदारीची. एकानं कर्ज बुडवलं की बाकीच्या सभासदांनी मिळून भरायचं. मी लहान असताना दुसऱ्याच कुणाच्या थकबाकीपायी आमच्या घरातले हंडे जप्त झाले होते. कंपनीचे शेअर आले त्या दिवशी आबांनी विचारलं, "ह्या कंपनीनं कुनाचं बुडवलं, तर आपल्या दारात येतील का रं?"

"नाही आबा. कंपनी बुडाली तर फक्त आपण घातलेले पैसे जातात. घराला, जमिनीला कोणी हात लावत नाही."

"नक्की?"

पुस्तकात तसं होतं. पण पुस्तकातलं खरं झालेलं मी अजून कुठं पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. पुण्यात खोलीवर दिवा नुसता मिणमिणला तरी कंपनीला काही झालं की काय, असं वाटायचं.

आमच्याकडे एकच बैल होता. दुसरा शेजारच्या काकांचा. दोन्ही घरांची सावड होती, म्हणजे दोन्ही बैल जुंपून आधी त्यांचं रान नांगरायचं, मग आमचं. त्या वर्षी वळवाच्या वादळात काकांच्या बांधावर विजेची तार तुटून पडली. सकाळी त्यांनी बैल चरायला सोडला आणि तो तारेवर गेला. मी सुट्टीत घरी होतो. ओरडा ऐकून धावलो तेव्हा बैल आडवा पडलेला, आणि काका त्याच्याकडे धावत होते. आबांनी त्यांना कमरेला मिठी मारून मागे ओढलं. दोघंही चिखलात पडले. तार तशीच गवतात होती, आणि ती जिवंत आहे की मेली, हे बघून कुणालाच कळत नव्हतं.

संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईनं चहा आणला, त्यांनी घेतला नाही.

"मालक," ते आबांना म्हणाले, "तुमच्या तारंनं माजा बैल खाल्ला."

"आमची कशी तार?"

"मग कुनाची? शेअर घेतलं तवा पेढं वाटलं न्हवं का तुमी?"

मी मध्ये पडलो. शेअर घेणारा नुकसानीला जबाबदार नसतो, आपण कंपनीकडे अर्ज करू, असं काहीबाही सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी नफा आला की मालक, आन् बैल मेला की पाव्हणं. लई शिकलास लेका."

आबांची मान खाली गेली. आईच तेवढी म्हणाली, "भावजी, सकाळी ह्यांनी वढलं नसतं तर आज तुमी तरी असता का?" काका उठले. जाताना म्हणाले, "आता तर अनूची वीज येनार म्हनं. रेडिओवर सांगत्यात. तार पडली तर बैल मरतो, अनू पडला तर काय काय मरंल, त्ये इचारा पोराला. त्येबी तुमच्याच नावावर."

ते गेल्यावर आबांनी मला खरंच विचारलं. अणूचं काम सरकारचं आहे, आपल्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही, असं मी सांगितलं.

"सरकार म्हंजी तर समद्यात मोठी सोसायटी," आबा म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी अणूच्या विजेबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं. अपघात झाला तर भरपाई कुणी करायची, हे त्यातून मला समजलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर आणखी भीतिदायक वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. शेअर विकायचे आणि काकांना बैल घेऊन द्यायचा, असं आबांनी ठरवलं होतं. अर्जाच्या उत्तराची वाट बघत बसलो असतो तर दोन्ही घरांची रानं पडीक राहिली असती. वाटेत मी एकदाच म्हणालो, की थांबलो तर भाव वाढेल. "वाढू दे," ते म्हणाले.

दलालाचं ऑफिस अरुंद जिन्यावर होतं. दलाल भला माणूस होता. "आजोबा, आत्ता कशाला विकता? विजेला मागणी किती वाढतेय बघा," त्यानंही तेच सांगितलं. घेणारा मात्र तयार होता. त्यानं कागद पुढे केला, सही कुठं करायची ते दाखवलं.

आबांनी पेन हातात घेतलं आणि थांबले.

"घेनाराला सांगितलंय का?"

"काय?"

"तार तुटती म्हनून. बैल मेला म्हनून."

दलाल माझ्याकडे बघू लागला. आमच्याकडे बाजारात जनावर विकताना त्याची खोड आधी सांगतात, मारकं असेल तर मारकं. न सांगता विकलं तर तो माणूस पुन्हा बाजारात उभा राहू शकत नाही. हे त्या खोलीत कसं समजावायचं, मला सुचेना. दलाल वैतागून आम्हाला बाहेर काढेल, शेअरही राहतील आणि बैलही येणार नाही, अशी भीती मला वाटली.

"आबा, करा सही," मी हळूच म्हणालो.

"थांब."

दलालानं चष्मा काढून पुसला. तो हसला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. "सगळ्यांना माहीत असतं, आजोबा," तो म्हणाला. "तारा तुटतात. घेणाऱ्यालाही माहीत आहे."

"म्हाईत हाय, आन् तरी घेतोय?"

"तरी घेतोय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मागणी वाढते आहे, हे उत्तर मला पाठ होतं. ते न देता मी कागदाचं टोक त्यांच्यासाठी धरून ठेवलं. मग त्यांनी कागदावर वाकून, एकेक अक्षर जोडत, सावकाश सही केली.