रामटेके बाई आणि जाळ्याची दोरी

साप चावलेला माणूस आमच्या करडीच्या सरकारी दवाखान्यात आला, की डॉक्टर रामटेके बाई त्याला सापाविषयी प्रथम काहीच विचारीत नसत. व्हरांड्यातल्या बाकावर उजेडाकडे तोंड करून त्याला बसवीत आणि म्हणत, "सांगा जी, औंदा धान कसं हाय? रोवणी आटपली?" सोबत आलेली माणसे चिडत. आमच्याकडे सर्पदंशाला 'पान लागले' म्हणतात; सापाचे नावही भीतीने घेत नाहीत. अशा प्रसंगी धानाच्या गोष्टी कोणाला रुचणार? "हे बाई औषध देते का सोयरीक जमवते?" असे एक म्हातारा त्यांच्यासमोरच पुटपुटला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सोयरीकच जमवून राहिली, बाबाजी. कोणतं औषध याले मानवते, थे पाहून राहिली."

त्या गप्पा हीच त्यांची तपासणी होती, हे मला पुढे समजले. नाग किंवा मण्यार चावली असेल, तर बोलता बोलता पापण्या जड होतात, जीभ अडखळते, थुंकी गिळवत नाही. घोणस किंवा फुरसे असेल, तर हिरड्यांतून आणि जखमेतून रक्त पाझरत राहते. रोग्याला "डोळे उघडा, जीभ दाखवा" असे दरडावले, तर भीतीनेच त्याचे हातपाय गार पडतात. धानाविषयी मात्र आमच्या भागातला माणूस मरणाच्या दारातही मनापासून बोलतो, आणि तेवढ्या अवधीत बाई सारे पाहून घेत.

आमची ओळख झाली ती काचनळ्यांमुळे. सत्तरचे दशक तेव्हा मध्यावर आले होते. मी तेथल्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. बाई पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या; नुकत्याच बदलून आल्या होत्या. एके दिवशी त्या सरळ आमच्या प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी कोऱ्या काचनळ्या मागितल्या. मी स्वच्छ धुतलेल्या पुढे केल्या, तर त्यांनी परत केल्या. कोऱ्या नळीत रोग्याचे रक्त घेऊन ती न हलवता वीसेक मिनिटे उभी ठेवावी. रक्त गोठले तर ठीक. पातळच राहिले, तर घोणस-फुरशाचे विष अंगात भिनले आहे असे समजावे. नळीला साबणाचा अंश राहिला असेल, तर निरोग्याचे रक्तही गोठत नाही आणि परीक्षा खोटी ठरते. एवढे साधे कारण त्यांनी मला जिल्हा परिषदेच्या परिपत्रकापेक्षा पुष्कळच सुबोध भाषेत सांगितले. तेव्हापासून शाळेच्या कोऱ्या नळ्यांतला वाटा दवाखान्याला जाऊ लागला.

पुढे मलाच सरपणाच्या ढिगात साप चावला. मेलेला साप घेऊन मी गेलो आणि हा मांजऱ्या असल्याचे आत्मविश्वासाने सांगितले. मांजऱ्या हा सौम्य विषारी साप. त्याचे विषदंत जबड्याच्या मागच्या बाजूला असतात. त्यामुळे बोट तोंडात धरून त्याने काही वेळ चावत राहिल्याखेरीज विष फारसे उतरत नाही. उतरले तरी सूज, खाज, थोडी बधिरता, एवढ्यावर भागते. हे सारे मी बाईंना ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला खाटेवर झोपायला सांगितले.

"मांजऱ्या आणि फुरसे यांची नक्षी घाबरलेल्या माणसाला सारखीच दिसते," त्या म्हणाल्या. "आणि गुरुजी, साप मेला आहे. तो काही परीक्षेला बसणार नाही. तुम्ही बसा."

दुसऱ्या दिवसापर्यंत मी तेथे होतो. बोट गांधीलमाशी चावल्यासारखे सुजले, खाजले आणि ओसरले. माझे निदान बरोबर होते. तरीही मला थांबवून घेण्यात बाईंचे काही चुकले नव्हते.

परंतु बाईंची खरी कसोटी लागली ती बिसनच्या वेळी. बिसनचे वडील देवाजी हे ढिवर. तलावात मासे धरायचे आणि हंगामात जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या कोशाचे किडे पाळायचे. बिसन कोसले, म्हणजे तयार झालेले कोश, उतरवायला झाडावर चढला होता. तेथे पानांतून हिरवा, वेतासारखा बारीक साप त्याच्या बोटाला डसला आणि सोडीनाच. वर्णनावरून तो हरणटोळ होता. हाही सौम्य विषाचाच; पण उडून टाळू फोडतो अशी त्याची ख्याती असल्याने लोक त्याला नागाहून अधिक भितात. कोशाच्या हंगामात त्या झाडांखाली जीवहत्या करायची नाही, असा या लोकांचा नेम असे. म्हणून साप ओढून बाजूला टाकला, पण मारला नाही, आणि दाखवायला आणलाही नाही.

देवाजींनी मुलाच्या दंडाला जाळ्याची दोरी करकचून बांधली होती. जंगलातून बैलगाडीने दवाखान्यात येईपर्यंत हात काळानिळा पडून खांबासारखा झाला होता. योगायोगाने मी नळ्या द्यायला आलो होतो. बाईंनी बोटावरच्या बारीक दातांच्या खुणा पाहिल्या आणि दोरीकडे हात नेला. देवाजींनी त्यांचे मनगट धरले.

"सोडू नोका, बाई. याच्या मोठ्या भावाले पान लागलं होतं. दुसऱ्या दवाखान्यात अशीच दोरी सोडली, अन् घडीभरात गेला पोरगा."

कोणी दुसरा डॉक्टर असता, तर अडाणी म्हणून खेकसला असता. बाईंनी मनगट सोडवून घेतले नाही. देवाजींनी पाहिले ते खरेच होते. नाग चावला असेल आणि औषध देण्याआधी दोरी एकदम सोडली, तर अडलेले विष एकाएकी अंगभर पसरू शकते. इकडे दोरी तशीच राहिली, तर साप कोणताही असो, हात कापावा लागणार हे उघड होते. शिवाय त्या सुजेमुळे खाली विषाची सूज किती, हेही कळायला मार्ग नव्हता.

"तुमचं खरं हाय, देवाजी," त्या म्हणाल्या. "त्या पोराचं झालं तसं याचं होऊ देणार नाही. आधी औषध तयार ठेवतो, मंग दोरी."

त्यांनी दुसऱ्या हाताच्या शिरेत सुई घातली, सलाइन लावले, सर्पविषावरच्या लशीच्या कुप्या टेबलावर मांडल्या. त्याच हाताचे रक्त माझ्या नळीत उभे केले. बिसनला कोसल्यांविषयी बोलते केले. त्याचे शब्द स्वच्छ होते, पापण्या ताठ होत्या. रक्त गोठल्यावर त्यांनी नळी उलटी करून देवाजींना दाखवली. थेंबही ओघळला नाही. मग त्या म्हणाल्या, "गाठ तुमची हाय, तुम्हीच सोडा. जरा जरा ढिली करा. मी सांगतो तिथं थांबा."

देवाजींची बोटे गाठीला सरावलेली होती. थोडी ढिली, मग थांबणे, पुन्हा थोडी. पापण्या, श्वास, नाडी यांवरून बाईंची नजर हलत नव्हती. रक्त हातात परतू लागले तसा बिसन गुरासारखा ओरडला. देवाजींनी दोरी पुन्हा आवळायला घेतली.

"दुखू द्या," बाई म्हणाल्या. "दुखते म्हणजे हात जित्ता हाय."

लस टोचावी लागलीच नाही. सापाची सूज दोन-तीन दिवसांत उतरली. दोरीने बधिर झालेली बोटे मात्र कामाला लागेपर्यंत हिवाळा सरला.

ऐंशीनंतर बाईंची तुमसरला बदली झाली. निरोपाला बसथांब्यावर बरेच लोक जमले होते. सगळे हात जोडून मागे सरल्यावर देवाजी पुढे झाले. बिसनविषयी ते बोललेच नाहीत.

"बाई, मोठ्याची दोरी सोडाले मीनंच हो म्हटलं होतं. नाही म्हटलो असतो, तं वाचला असता काय?"

बस उभी होती. 'नशिबात होते' एवढे म्हणून बाईंना चढता आले असते.

"नाही," त्या म्हणाल्या. "दोरीनं विष थांबत नाही, देवाजी, उशीर होते तेवढा. दोरी सुटाच्या आधी लस पाहिजे होती. होती काय तिथं?"

"नव्हती. भंडाऱ्याले न्या म्हणे."

"मंग तुमच्या हो म्हटल्यानं तो गेला नाही. लस नव्हती म्हणून गेला. हे मी डॉक्टर म्हणून सांगून राहिली, तुमचं मन राखाले नाही."

देवाजींनी मान हलवली, पण त्यांचे पाय हलेनात. कंडक्टरने बाईंकडे पाहिले. बाईंनी पिशवी खाली ठेवली, बस जाऊ देण्याची खूण केली आणि देवाजींना घेऊन थांब्याजवळच्या पारावर बसल्या.

"नाव काय होतं त्याचं?" त्यांनी विचारले.

"सोमा," देवाजी म्हणाले.