लकव्यातून उठलेले सर

आमचे शेषेराव सर लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचे. मेंदू हा त्यांचा लाडका धडा. तो असा रंगायचा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यालाही आपल्याला मेंदू असल्याची शंका यावी.

त्याच धड्यात एकदा त्यांच्या हातून खडू पडला. डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचला, मग उजवा हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. सर लडखडत भिंतीला टेकले, तेव्हा पोरांनी आधी वर पंख्याकडे बघितलं. भूकंपानंतर लातूरला ही खोडच लागलेली. पंखा जागच्या जागी होता.

नायगावकडे दिलेली त्यांची थोरली बहीण केवळाबाई. तिचा पोरगा वैजनाथ तेव्हा कामानिमित्त लातुरात होता. त्यानं मामाला जीपमध्ये घातलं. वाटेत नांदेड लागलं, तिथले दवाखाने लागले, जीप थांबली नाही. ती थेट नायगावच्या पलीकडं दगडोबाच्या दारात. दगडोबा लकव्यावर कबुतराचं गरम रक्त चोळायचा, आणि पैसा घ्यायचा नाही. फुकट देणारा माणूस खोटा कसा असेल?

चोळता चोळता सरांची बोटं हलली. जीभ वळल्यावर सर पहिलं वाक्य बोलले, "कबुतराला सोडा." पण त्याला उशीर झाला होता.

पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी उलगडा केला. हा लकवा नव्हेच, अर्धशिशीचा एक दुर्मिळ प्रकार. ती लकव्याचं हुबेहूब सोंग आणते आणि काही तासांत आपली आपण जाते. खरा लकवा असेल तर मात्र तेच पहिले तास लाखमोलाचे.

"वैजनाथ, मी झाडाखाली पडून राहिलो असतो तरी बरा झालो असतो," सर म्हणाले.

"मामा, डोकं दुखल्यानं कुणाचा हात जातो का? झाडाखाली न्हाई झालात तुम्ही बरे. दगडोबाकडं झालात."

दगडोबाकडं रीघ लागली. 'सायन्सचे सर उठले' एवढं प्रमाणपत्र पुरे होतं. सर कासावीस झाले. सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या अंगणात उभे राहायचे, हातवारे करकरून लोकांना दवाखान्यात जा म्हणून सांगायचे. लोक ऐकत नव्हते. ते त्यांचा उजवा हात बघत होते. किती झकास हलत होता.

मग एका सकाळी वैजनाथचा फोन आला. केवळाबाईंची डावी बाजू गेली होती.

"नांदेडला आण. आत्ता. मी निघालोच."

"आईच अडून बसलीय, मामा. शेषाला नेलं तिथंच न्या म्हणून राहिली."

"तिला फोन दे."

केवळाबाईंचं बोलणं तोंडाच्या एका कडेनं येत होतं. "शेषा, तू नगं काळजी करू. तुला गुण आला, मला बी येतोय."

सर नांदेडच्या दवाखान्याच्या फाटकात उभे राहिले. जीप आली ती दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी फोटो काढून बघितले आणि उशीर झाला एवढंच सांगितलं. सरांनी मान हलवली. हा धडा ते वर्षानुवर्षं शिकवत आलेले.

केवळाबाई घरी आल्या, पण डावा हात आलाच नाही. सर भेटायला गेले की त्याच त्यांची समजूत काढायच्या, "तुझं वारं हलकं हुतं रे. माझं जड निघालं. दगडोबाकडं आनखी एकडाव नेऊन आण."

सर समजावत राहिले. आक्का ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच मागायची. शेवटी तिनं मागणंही सोडलं, नुसती भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली, जेवेना. तेव्हा सरांनीच जीप सांगितली.

दगडोबाच्या अंगणात त्यांनी बहिणीला दोन्ही हातांवर उचललं. बसलेली माणसं वाट देत उभी राहिली. एक जण तोंड वाकडं झालेल्या आपल्या बापाच्या कानाशी लागला.

"बघा आबा, हेच ते सर. सख्ख्या बहिणीला बी इथंच आणलंय."