आईंसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला विकास नगरमध्ये राहत होतो. नवरा औषध संशोधनात शास्त्रज्ञ. त्याने हौसेने नवा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर आणला, पण रेकॉर्ड लावली की सासूबाई थोड्याच वेळात उठून आत जायच्या. उभं आयुष्य गाणं शिकवण्यात घालवलेली बाई!

"आई, आवडत नाही का?" मी विचारलं.

"आवाज कानात टोचतो गं. तंबोरा वाजतोय की पत्र्यावर वाळू पडतेय, कळत नाही."

मी फिजिक्स शिकलेली, कॉलेजात व्हॉल्व्हचा, म्हणजे दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ जोडलेली. म्हटलं, व्हॉल्व्हचाच अँप्लिफायर करू या.

नवरा हसला. "संध्याकाळी इथे व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट लागत नाही आणि तू व्हॉल्व्ह पेटवणार? ट्रान्झिस्टरला ना तापायला वेळ, ना नखरे."

मुद्दे खरे होते. पण ऐकायचं कोणाला होतं, त्याला की आईंना?

लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्याच्या दुकानात जुने व्हॉल्व्ह अँप्लिफायर धूळ खात पडले होते. "भाभीजी, ये तो कबाड़ है," तो म्हणाला. "कबाड़ ही चाहिए, भैया," म्हणत मी एक उचलला. त्याचा ट्रान्सफॉर्मर भोंग्यांसाठी होता. घरच्या स्पीकरला चालेल असा चिनहटच्या एका कारखान्यातून नवा, तार गुंडाळून बनवून घेतला. थंडीभर गच्चीत उन्हात बसून मी सोल्डरिंग केलं. व्हॉल्व्हच्या व्होल्टेजची चेष्टा नसते; शॉक छातीतून जाऊ नये म्हणून चालू सर्किट तपासताना एक हात पाठीमागे ठेवायची.

पहिल्यांदा सुरू केला तर नुसती घरघर. "हा कुठला राग?" नवऱ्याने विचारलं. मी चिडले, पण हटले नाही. आठवडाभर तारा बदलून पाहिल्या. शेवटी ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून बसवला आणि घरघर एकदम थांबली. मी एकटीनेच टाळ्या पिटल्या.

नवरा म्हणाला, "आता रीतसर परीक्षा." दोन्ही अँप्लिफायरपुढे त्याने चादर बांधली, आवाज सारखे केले, स्पीकर तेच ठेवले. कोणता चालू आहे हे तो सांगणार नव्हता. आईंनी फक्त बरा कुठला ते सांगायचं.

तो तारा बदलत गेला. आई कधी "हा नको", कधी "हा बरा" म्हणत राहिल्या. नवऱ्याचा चेहरा पडत चालला, तशी मी आशेने पुढे सरकले. मग आईंनी हात वर केला.

"आता काही हलवू नकोस रे. तंबोरा नीट ऐकू येतोय." आणि डोळे मिटून त्या हलकेच सूर लावू लागल्या.

नवऱ्याने चादर ओढली. स्पीकरच्या तारा माझ्या अँप्लिफायरला होत्या, व्हॉल्व्ह लालसर तेवत होते.

"दर वेळी हाच निवडला तिने," तो म्हणाला. "हरलो बुवा!"

पुढच्या रविवारी त्याने प्रयोगशाळेतले मित्र चहाला बोलावले. चहा ठेवायला मी उठले, तर म्हणाला, "तू बस, मी करतो." आणि मित्रांकडे वळून, अँप्लिफायरकडे बोट दाखवत, अगदी ऐटीत, "ये मेरी बीवी ने बनाया है."

मी बसले. रेकॉर्डही मीच निवडली.