पुढची चाकं

गाडी मागे घसरायला लागली तेव्हा वडील माझ्या शेजारी बसले होते, आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. मला अजून त्याचाच राग येतो. ओरडायचं तरी. मी ब्रेकवर उभी राहिल्यासारखा पाय दाबलाय, गाडी तरीही मागे चाललीय, एका बाजूला पावसाने फुगलेला व्हाळ, आणि हे समोर बघत गप्प. शेवटी मागचा कोपरा बांधाला जाऊन धडकला आणि गाडी थांबली. तिथून वर आमच्या घराची कौलं दिसत होती. वडील तीच बघत होते.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. गावातलं आमचं घर घाटीच्या माथ्यावर आहे. घाटी म्हणजे डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंतचा लाल मातीचा चढ. कोरडा असला की ठीक, ओला झाला की साबण. वडिलांना पॅरॅलिसिसचा झटका येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. उजवा हात निकामी, उजवा पाय ओढत, डाव्या हाताने काठी टेकत ते काळाचौकीच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकापर्यंत जायचे, पण घाटी चढणं शक्यच नव्हतं. खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलून न्यावं असं मी सुचवलं होतं. "तसा एकदाच व्हरतत," म्हणाले. चौघे जण माणसाला उचलून नेतात ते एकदाच, शेवटचं; मी तो विषय सोडला.

म्हणून मी, दादरच्या ऑफिसात तीस वर्षं फायली सरकवणारी, पन्नाशीला टेकलेली बाई, एक जुना फोर व्हील ड्राइव्ह पिकअप विकत घेऊन बसले. चाळीने मला वेड्यात काढलं. समोरच्या काकू म्हणाल्या, आता भाजीचा धंदा काढणार का गं. मी म्हटलं, हो, तुमच्यापासून बोहनी. पण आतून मलाही धाकधूक होतीच. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला परवानगी दिली ती थेट श्रावणात, आणि पहिल्याच फेरीला हे असं झालं. एक रात्र खालच्या वाडीत नातेवाइकांकडे काढली आणि परत फिरलो. घराची किल्ली पूर्ण वेळ वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात होती. पनवेल आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आता चतुर्थीक बघू." चतुर्थीला वीस दिवस होते.

फोर व्हील म्हणजे काय भानगड असते हे मला गाडी घेतल्यावर कळलं. एरवी मागची दोन चाकं गाडी ढकलतात. बाजूचा छोटा गिअर ओढला की जोर पुढच्या चाकांकडेही जातो आणि समोर हिरवा दिवा लागतो. आमच्या गाडीसारख्या जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते, ती हाताने फिरवून 'लॉक'वर ठेवली तरच चाक त्या जोराला जोडलं जातं. 'फ्री'वर असली तर चाक आपलं मोकळंच. नाशिककडच्या ज्या बागायतदाराकडून मी गाडी घेतली त्याने सांगितलं होतं, "मी कायम लॉकवरच ठेवतो ताई, तुम्ही त्याला हातच लावू नका." मी हात लावला नव्हता. उलट दर महिन्याला छोटा गिअर ओढायचा, हिरवा दिवा बघायचा आणि चाळीच्या आवारात एक गोल चक्कर मारायची, हा माझा नेम होता. गाडी इतकी अलगद वळायची की मला माझंच कौतुक वाटायचं.

मग घाटीवर काय झालं? दिवा तर लागला होता. मी स्वतः बघितला होता.

परळच्या गॅरेजवाल्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब मीच. त्याने बॉनेट उघडलं, खाली सरपटून टॉर्च मारला, छोटा गिअर दोनदा मागेपुढे केला आणि निकाल देऊन टाकला. "मॅडम, गिअरबॉक्सच्या मागचा डबा गेलाय. तोच पुढे पॉवर देतो. पूरा खोलना पडेगा." किती दिवस लागतील? तर पार्ट मिळाला तर पंधरा, नाही मिळाला तर सांगता येत नाही. गाडी आजच सोडून जा म्हणाला.

मी मनात दिवस मोजले. पंधरा म्हणजे चतुर्थी आलीच. त्यातून आमच्या गल्लीत मंडपाचे बांबू पडायला लागले होते आणि कार्यकर्ते रोज दाराशी यायचे, ताई, गाडी कधी काढताय. कुठे काढू? बंद पडलेली असती तर टो तरी केली असती. ही चालत होती, वळत होती, दिवाही लावत होती. नुसती ऐन वेळी दगा देत होती. त्या दिवसांत मी डोळे मिटले की गाडी मागे जायची. ऑफिसात खुर्ची जरा मागे सरकली तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

गॅरेजवाल्याला उद्या सांगते म्हणून मी घरी आले आणि वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. झटक्यानंतर त्यांचं बोलणं संथ झालंय, शब्द शोधून आणल्यासारखे येतात.

"दुसऱ्या कोणी बघितला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"डबो गेलो म्हणता तो. दुसऱ्यान बघितला?"

वडील गिरणीत फिटर होते. त्यांच्या खात्यात रीत होती, की ज्याने काम केलं त्याने स्वतः ते पास करायचं नाही. एकाने बोल्ट आवळले की दुसऱ्याने येऊन हात लावून बघायचे, मगच मशीन सुरू. कितीही जुना, कितीही हुशार फिटर असला तरी. ही रीत त्यांनी घरातही चालवली. मी गॅस बंद केला तरी ते उठून बघायचे, ते कडी लावायचे तर मला बघायला पाठवायचे. लहानपणी या प्रकाराने माझं डोकं फिरायचं. पण त्या दिवशी वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय. गाडी खोलायला टाकण्याआधी आणखी एकाने बघायला काय हरकत आहे?

ओळखीतून माहीमचे एक मेस्त्री कळले. सत्तरीचे, जन्मभर जीप दुरुस्त केलेले. रविवारी सकाळी गाडी घेऊन गेले. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही, खालीही वाकले नाहीत. स्टुलावर चहा पीत म्हणाले, "फोर व्हील टाका आणि इथेच स्टिअरिंग पूर्ण कापून एक चक्कर मारा." गल्ली सिमेंटची, सकाळच्या उन्हात खडखडीत वाळलेली. मी गिअर ओढला, दिवा लागला, आणि माझी नेहमीची चक्कर मारून दाखवली.

"फार मऊ वळते," ते म्हणाले.

"लोण्यासारखी. कायम अशीच वळते," मी जरा तोऱ्यातच बोलले.

"मॅडम, तोच तर आजार आहे."

मग त्यांनी समजावलं. चारही चाकांना जोर असेल तर कोरड्या, कडक रस्त्यावर गाडी सुखासुखी वळत नाही. पुढची आणि मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, आणि एकमेकांना बांधलेली असली की भांडतात. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, गाडी अडून अडून चालते. चिखलात हे जाणवत नाही, सिमेंटवर लगेच कळतं. तुमची भांडत नाही, म्हणजे पुढची चाकं जोडलेलीच नाहीत. मी वर्षभर दर महिन्याला गाडीचा आजार तपासत होते आणि खूश होऊन वर घरी जात होते. मुंबईत चिखल नाही, घाटी नाही. आम्हा चाळकऱ्यांना गाडी गुपचूप वळली म्हणजे चांगलीच वाटणार.

त्यांनी पुढच्या एका चाकाला जॅक लावून ते जमिनीपासून चार बोटं उचललं. गाडी बंद, पण गिअरमध्ये, फोर व्हील टाकलेलं. "आता हे चाक हाताने फिरता कामा नये," म्हणाले आणि एक झटका दिला. चाक गरागरा फिरलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग ते चाकाच्या मधोमध बोट ठेवून बघत राहिले. "डब्याला काही झालेलं नाही. पण ह्याला रंग कोणी दिला?"

मी वाकून बघितलं. मला सगळं एकदम आठवलं.

आदल्या वर्षीचा दसरा. गाडी घेऊन आठवडाच झाला होता, मासिक चक्करही अजून सुरू झाली नव्हती. गिरणीत असताना खंडेनवमीला वडील मशीन धुऊन-पुसून तेलपाणी करायचे, रंगाचा हात द्यायचे आणि मग झेंडू घालायचे. झटक्यानंतर ते नुसते बसून असायचे, म्हणून मीच म्हटलं, बाबा, यंदा गाडी आहे की आपल्याकडे, तिला रंगाचा हात द्या. डॉक्टरांनीही डाव्या हाताला काम द्यायला सांगितलं होतं. त्यांना खाली आवारात स्टुलावर बसवलं, लाल ऑइल पेंटचा डबा दिला. दोन तास खपून, सवय नसलेल्या डाव्या हाताने त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांचे मधले भाग आधी घासून लख्ख केले, मग लालभडक रंगवले. दोन-दोन हात. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. रंग कसा दिलाय ते मात्र वाकून बघितलं नाही.

मेस्त्रींनी रॉकेलचा बोळा फिरवला, स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. लाल पापुद्र्याखालून चकतीवरचा बाण निघाला आणि त्याच्यासमोरची अक्षरं निघाली. फ्री. दुसऱ्या चाकावरही फ्री. खाचेतली घाण काढायला फिटर माणसाने चकत्या फिरवल्या होत्या, तशाच राहू दिल्या होत्या आणि वरून रंगाने बंद केल्या होत्या. मी ज्या माणसासाठी ही गाडी घेतली त्यानेच ती अडवून ठेवली होती, आणि रंगाचा डबा मी माझ्याच हाताने दिला होता. मला तिथे रडूच आलं. मेस्त्री बिचारे घाबरले, म्हणाले, अहो, काही तुटलं नाहीये. त्यांनी चकत्या मोकळ्या करून लॉक केल्या आणि पुन्हा चक्कर मारायला लावली. स्टिअरिंग हाताशी झुंजलं, टायर कुरकुरले. मला बरं वाटलं, पण पूर्ण नाही.

घरी वडिलांनी विचारलं, "काय गावला?"

"आतली एक कडी सुटली होती," मी म्हटलं. "बसवली."

ते हूं म्हणाले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत बराच वेळ उभे होते. खाली गाडी होती, पुढच्या चाकावरचा लाल रंग गेलेला. मी विषय काढला नाही. आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं मी स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर माझीच हिंमत नव्हती.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघालो. अख्खा रस्ता माझे कान गाडीकडे. जरा कुठे खडखड झाली की मी वेग कमी करायचे. घाटीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा दुपार होती, पाऊस थांबला होता, पण माती ओलीगच्च होती. बांधाला आमच्या गाडीने पाडलेली खोक तशीच दिसत होती. मेस्त्रींनी सांगितलं होतं, सपाट रस्त्याला चकत्या फ्री ठेवा, चढ आला की उतरून लॉक करा. मी दार उघडलं.

"थांब गो बाय," वडील म्हणाले. "माका उतरव."

"बाबा, चिखल आहे."

"उतरव."

उतरवलं. मी त्यांना उजव्या बाजूने घट्ट धरलं, म्हणजे डावा हात मोकळा राहील. ते वाकले, चकती धरली, दात आवळून फिरवली. मग काठी टेकत गाडीला वळसा. त्याला पाच मिनिटं लागली. दुसरी चकती फिरवताना हात दोनदा सुटला. काम संपल्यावर मडगार्डला टेकून ते दम खात उभे राहिले.

"रंग मीच लायललंय," ते म्हणाले. "साफ करूक फिरवलंय आणि परत फिरवूक इसरलंय. त्या दिवशी गॅलरीतसून चाक बघितलंय तेवाच समाजला माका."

"जाऊ दे हो बाबा."

"जाऊ दे कित्याक? आता तू बघ."

"तुम्ही केलंय ना, झालं तर मग."

"मी केलंय, म्हणान तू बघ." त्यांचा आवाज चढला. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

मी बघितलं. पहिल्या चाकाचा बाण बरोबर लॉकवर होता. दुसऱ्याचा नव्हता. अर्ध्यावर आला होता, अक्षराच्या बोटभर अलीकडे. मी तिथे उकिडवी बसले होते आणि ते माझ्या पाठीमागे उभे होते. गुपचूप फिरवून "बरोबर आहे" म्हणणं किती सोपं होतं. वर्षभर मी त्यांच्याशी असंच वागत आले होते. फोटो काढायचा, वा वा म्हणायचं आणि काम बघायचंच नाही.

"हा अर्धाच बसलाय," मी म्हटलं आणि त्यांच्या देखत तो पुरा फिरवला. टक असा आवाज आला.

मला वाटलं, त्यांचा चेहरा पडेल. ते पुढे वाकून बाण बघून घेत होते. "बरा झाला," म्हणाले. "आता चालू कर."

त्यांना आत बसवलं. छोटा गिअर ओढला, दिवा लागला. बांधाजवळच्या त्या जागी मागची चाकं पुन्हा नुसतीच जागच्या जागी फिरली. मग पुढून ओढ लागली, आणि गाडी वर चढायला लागली. मी शेजारी बघितलं नाही, बघायची हिंमतच नव्हती. नुसतं ऐकू आलं, की ते खिशातून घराची किल्ली काढतायत.