भिंतीवरचं ‘येतो’

बायको गेल्याला तीन महिने झाले, तेव्हा मुलीने ठरवलं की मी घराबाहेर पडायला हवं. ती सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते, मी बर दुबईतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये. शनिवारी दुपारी ती आली, आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली आणि माझी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची डबी घेऊन बाहेर आली. त्या डबीला सात वारांचे सात कप्पे आहेत.

“बाबा, सगळे भरलेले आहेत.”

“विसरलो.”

“सातही दिवस?”

मी बूट घालायला वाकलो.

रास अल खोरला, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांमागे, एका गोदामात दोन महिन्यांपुरतं म्युझियम उघडलं होतं. तिथे वस्तूंना हात लावायचा असतो, हे तिने मला गाडीत दोनदा बजावलं. मी जन्मभर संग्रहालयांतून हात मागे बांधून हिंडलो आहे. इथे हात मागे बांधले तर काही घडतच नाही. भिंतीला तळवा टेकवला की प्रकाशाचे मासे जमायचे, काढून घेतला की पांगायचे. एका खोलीत अख्खं स्वयंपाकघर छताला उलटं लटकवलेलं होतं, शेगडीवर भांडं, खुंटीला फडकं.

“आईने आधी ते फडकं धुवायला काढलं असतं,” मुलगी म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. तीन महिन्यांत एकत्र असं पहिल्यांदाच.

शेवटच्या दालनात काचेची एक बंद खोली होती आणि आत जुन्या पद्धतीचा फोन. दारापाशी उभी असलेली बाई हिंदीत म्हणाली, “अंकल, जिससे कुछ कहना रह गया हो, उसे बोलिए. किसी भी भाषा में.”

“आईशी बोल, हवं तर,” मुलगी हळूच म्हणाली.

दारावर बारीक अक्षरात पाटी होती. माझा वाचायचा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून ती वाचायची राहिली.

आमच्या घरात ‘जातो’ हा शब्द बंद होता. निघताना ‘येतो’ म्हणायचं, असं सगळेच म्हणतात, पण बायकोचा कटाक्ष फार. ऑफिसला जाताना मी चुकून ‘जातो’ म्हणालो, की ती लिफ्टपाशी येऊन मला परत बोलवायची. “आत ये आणि नीट म्हण.” लिफ्ट निघून जायची. शेजारी हसायचे. मी आत येऊन नीट म्हणायचो.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या सकाळी मी तिला म्हणालो, “घरी जातो, अंघोळ उरकतो.” तिचे डोळे उघडे होते. ती काही बोलली नाही. थकली असेल, असं मला वाटलं. तासाभराने परतलो तेव्हा तिच्या पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता.

काचेच्या खोलीत मी रिसीव्हर कानाला लावला. आत पूर्ण शांतता होती. “येतो गं,” मी म्हणालो. मग आणखी एकदा, नीट. “येतो.”

बाहेर आलो तर लोक समोरच्या भिंतीकडे बघत होते. आत बोललेलं बाहेर ऐकू जात नव्हतं, ते इंग्रजीत भिंतीवर उमटत होतं. तेच त्या पाटीवर लिहिलेलं असणार. माणसाएवढ्या पांढऱ्या अक्षरांत माझी दोन वाक्यं उभी होती. आय ॲम कमिंग. आय ॲम कमिंग. कोणीतरी त्यांचा फोटो काढत होतं.

मुलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ हाडाला रुतलं. “बाबा, व्हॉट इज दॅट?” आणि मग मराठीत, अगदी खालच्या आवाजात, “म्हणून गोळ्या घेत नाहीस का?”

आयुष्यभर पुस्तकं वाचली, भाषांतरात काय काय सांडतं ते मला ठाऊक आहे. इथे काहीच सांडलं नव्हतं. यंत्राने शब्दाला शब्द बरोबर लावला होता. गोळ्या विसरलो, असं मी सकाळ-संध्याकाळ स्वतःला सांगत होतो आणि ते मला खरंही वाटत होतं. भिंतीवर वाचलं तेव्हा ते खरं वाटेना.

गाडीत मी तिला तेवढंच सांगितलं, जेवढं सांगता आलं. हॉस्पिटलमधला ‘जातो’, आणि त्याची आज केलेली दुरुस्ती. “मी निरोप घेतला गं. आपण घेतो तसा.”

“मला ते ऐकूच आलं नाही ना. मी फक्त वाचलं,” ती म्हणाली. “आणि गोळ्या?”

“त्या मी विसरत नव्हतो, हे मला आत्ता कळलं.”

पुढे खाडीजवळच्या सिग्नलला तिने डोळे पुसले. मग चष्मा परत लावला.

बिल्डिंगखाली तिने गाडी थांबवली. मी उतरलो, दार धरून उभा राहिलो. रोजचा शब्द ओठांवर आला आणि मी गप्प झालो.

“म्हण,” ती म्हणाली. “मला म्हण.”

“येतो.”

‘येतो’ म्हणणाऱ्याला पुढे कोणी काही विचारत नाही. तिने विचारलं.

“कधी?”

“उद्या. जेवायला.”

“गोळी घेऊन ये,” ती म्हणाली, आणि मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत तिने गाडी हलवली नाही.